‘दुसरा घात’ आणि ‘दुसरा विकलज’: दोन्हींतला ‘दुसरा’ एकच का?

ठाण्याच्या वर्तकनगरमधून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या स्वतः मराठी माध्यमातून शिकलेल्या, लेक बारावी सायन्सला. लेक लॉग आणि एक्स्पोनेन्शिअलची उदाहरणं सोडवत असताना ‘सेकंड डेरिव्हेटिव्ह’ला ताई सहज ‘दुसरा विकलज’ म्हणून गेल्या. त्यावर लेकीने विचारलं, ‘क्ष चा दुसरा घात म्हणजे क्ष चा वर्ग. मग दुसरा विकलज म्हणजे विकलजाचा वर्ग का नाही?’ विकलन, विकलज आणि अवकलज यांतलं बरोबर कुठलं, हेही ताईंना हवं आहे.

लेकीचा प्रश्न मला मनापासून आवडला. मराठीत शिकलेल्यालाच तो पडू शकतो. इंग्रजीत वर्गाला ‘स्क्वेअर’ असा निराळा शब्द सर्रास वापरतात. आपल्याकडे सहावी-सातवीपासून ‘२ चा तिसरा घात ८’ असं वाचायची सवय लागलेली असते. तिथे ‘तिसरा’ हा शब्द २ ही संख्या गुणाकारात किती वेळा घेतली ते सांगतो. ‘दुसरा विकलज’मध्ये गुणाकार कुठेच नाही. तिथे मोजायची आहे ती कृती. दिलेल्या फलाचं (फंक्शनचं) विकलन केलं, म्हणजे ते किती वेगाने बदलतं ते काढलं, की हाती येतो तो पहिला विकलज, आणि त्या पहिल्याचंच पुन्हा विकलन केलं की येतो तो दुसरा. थोडक्यात, दुसरा विकलज म्हणजे विकलजाचा विकलज.

लॉगच्या उदाहरणात हा घोटाळा विशेष लपून राहतो, म्हणून तिथे जरा थांबू. लॉग क्ष चा (पाया ई, म्हणजे सुमारे २.७१८ ही संख्या) पहिला विकलज एक छेद क्ष. त्याचा वर्ग केला तर येतं एक छेद क्ष वर्ग. खरा दुसरा विकलज आहे उणे एक छेद क्ष वर्ग. फरक फक्त चिन्हाचा! क्ष = १० घेतलं तर वर्ग ०.०१ येतो आणि दुसरा विकलज −०.०१. चुकीच्या वाटेने गेलेलं पोर उत्तराच्या इतकं जवळ पोचतं की वहीतली चूक ‘मायनस राहिला’ म्हणून खपून जाते आणि समजुतीतली चूक तशीच राहते. वास्तविक त्या उणे चिन्हातच लॉगचा स्वभाव आहे: लॉग वाढत राहतो, पण त्याच्या वाढीचा वेग सतत कमी होत जातो. पहिला विकलज धन आहे म्हणून वाढ, दुसरा ऋण आहे म्हणून मंदावणारी वाढ. बातम्यांत ‘वाढ घटली’ असं छापून येतं आणि पुष्कळ वाचक ते ‘घट झाली’ असं वाचतात, तेव्हा गल्लत नेमकी या दोन विकलजांचीच झालेली असते. ‘वाढ मंदावली’ म्हटलं तर ती होत नाही.

क्लासमध्ये दुसऱ्या विकलजाची खूण, d²y/dx², दोन तऱ्हांनी वाचलेली ऐकू येते. कुणी ‘डी स्क्वेअर वाय बाय डी एक्स स्क्वेअर’ म्हणतं, कुणी ‘डी टू वाय’. मला दुसरं वाचन पसंत आहे. वरचा दोन ‘डी’वर, म्हणजे कृतीवर बसलेला आहे, ‘वाय’वर नाही. पहिल्या-दुसऱ्या विकलजाला ‘एफ डॅश’ (f′), ‘एफ डबल डॅश’ (f″) म्हणणाऱ्यांना तर वर्गाचा भास होण्याचं कारणच उरत नाही. ही डॅशची खूण लाग्रांज या गणितीची. १७९७ च्या त्याच्या ग्रंथात ती आहे, आणि मूळ फलापासून निघालेलं फल या अर्थाचा, ‘डेरिव्हेटिव्ह’च्या मुळाशी असलेला शब्दही.

आता विकलन आणि विकलज. विकलन ही क्रिया, विकलज हे तिचं फळ. शेवटचा ‘ज’ जलज, अनुज यांतलाच, म्हणजे ‘त्यापासून जन्मलेला’. म्हणून ‘लॉगचं विकलन करा’ आणि ‘लॉगचा विकलज काढा’. ‘विकलज करा’ मात्र कानाला खटकतं आणि अर्थालाही. अवकलन-अवकलज ही जोडी हिंदी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे आणि मराठी विश्वकोशातही भेटते, तेव्हा ती चूक नव्हे. एका लेखनात एकच जोडी ठेवावी, एवढंच. बोलताना ‘लॉगचं डेरिव्हेटिव्ह’ असं नपुंसकलिंगी म्हणावं, ते आता मराठीच झालं आहे.

याहून जुना एक शब्द आहे आणि तो विस्मरणात गेल्याची मला खरीच हळहळ वाटते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘शून्यलब्धि’. लब्धि म्हणजे भागाकारात येणारी संख्या. वरचा, म्हणजे फलातला, बदल शून्याकडे, खालचा, क्ष मधला, बदलही शून्याकडे, आणि तरीही त्यांच्या भागाकारातून काहीतरी निश्चित हाती लागतं: मला त्या नावात हा अर्थ दिसतो, आणि विकलजाची सगळी व्याख्याच त्यात येते.

‘एक्स्पोनेन्शिअल’साठी आपण ‘घातांकी फल’ म्हणतो. हिंदीतलं ‘चरघातांकी’ मला अधिक नेमकं वाटतं. ‘क्ष चा २ घात’ यातही घातांक आहेच, पण तो स्थिर आहे. ‘२ चा क्ष घात’ यात घातांकच चर, म्हणजे बदलणारा आहे, आणि विकलनाचा नियम तिथेच बदलतो. त्याचा पहिला विकलज २ चा क्ष घात गुणिले लॉग २ (बारावीच्या या प्रकरणात लॉगचा पाया ई, म्हणून लॉग २ सुमारे ०.६९३). दुसऱ्या विकलजात लॉग २ चा वर्ग येतो. इथे वर्ग खराच आला, पण कृती दोनदा केल्यामुळे तो गुणक दोनदा लागला म्हणून. २ चा क्ष घात मात्र एकदाच राहिला.

लेकीला पडताळा हवा असेल तर पाया ई घ्यायला सांगा. ई चा क्ष घात याचा पहिला विकलज तोच, दुसराही तोच. क्ष = १ असताना तिन्ही ठिकाणी २.७१८, पण वर्ग केला तर ७.३८९. याच फलाचा शंभरावा विकलज ई चा क्ष घातच असतो, आणि शंभरावा घात होतो ई चा शंभर क्ष घात.