वाचकांचे प्रश्न : ‘चंद्रला’ हे नाव कुठले?

प्रश्न : आमची कुलदेवता सन्नतीची चंद्रला परमेश्वरी. नुकत्याच जन्मलेल्या नातीचे नाव ‘चंद्रला’ ठेवावे, असे माझ्या मनात आहे. सूनबाईंचा विरोध नाही. परंतु नावांच्या पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या याद्यांत त्यांना हे नाव कुठेच सापडले नाही. व्याह्यांचे म्हणणे असे की, हे नाव कानडी आहे आणि त्याला काही अर्थ नाही. या नावाचा अर्थ काय, ते किती जुने आहे आणि आज कोणी ते ठेवते का?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : व्याह्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. नावाची घडण कानडी मुलखातली आहे, पण ते निरर्थक मुळीच नाही.

नावाच्या पोटात ‘चंद्र’ आहे, हे उघडच दिसते. संस्कृत वैयाकरण हा शब्द आल्हाद देणे आणि प्रकाशणे या अर्थांच्या धातूपासून सिद्ध करतात, त्यामुळे ‘चंद्रासारखी आल्हाददायक’ असा अर्थ बारशाच्या पत्रिकेवर खुशाल छापावा. खरा प्रश्न शेवटच्या ‘ला’चा आहे. वत्सल, मांसल या शब्दांतला ‘ल’ संस्कृतात आहे, पण ‘चंद्रल’ असा शब्द काही संस्कृतात रूढ नाही. म्हणूनच संस्कृत शब्दकोशांवरून तयार केलेल्या नावांच्या पुस्तकांत सूनबाईंना तो सापडला नाही. हा ‘ल’ शोधायचा तो आपल्याच भागातल्या कोरीव लेखांत. बाराव्या शतकाच्या आसपास कर्नाटकातल्या राजघराण्यांत केतलदेवी, मैळलदेवी, जक्कलदेवी, शांतलदेवी अशी नावे पावलोपावली भेटतात. यांपैकी होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला हिचे नाव कर्नाटकात आजही मुलींना ठेवतात आणि त्याचा अर्थ काय, असे तिथे कोणी विचारत नाही. चंद्रला ही त्या शांतलेचीच बहीण समजावी.

या घडणीचे सर्वांत प्रसिद्ध नाव मात्र कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे आहे. चंदलदेवी नावाची ही राजकन्या कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (राज्यकाळ १०७६ ते ११२६) याला दिलेली होती. त्याच्या दरबारातला काश्मिरी कवी बिल्हण याने ‘विक्रमांकदेवचरित’ या काव्यात तिच्या स्वयंवराचे पाल्हाळिक वर्णन केले आहे. मात्र तिथे तिचे नाव ‘चंद्रलेखा’ असे येते, कारण संस्कृत कवीला देशी नाव तसेच्या तसे वापरणे बहुधा प्रशस्त वाटले नसावे. तिच्या रूपाची कीर्ती पार काश्मिरापर्यंत पोहोचली होती, असे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून दिसते. काश्मीरच्या हर्ष राजाने कर्णाटाच्या राजाची पत्नी चंदला हिचे चित्र पाहिले आणि तिच्या पतीला जिंकून तिला मिळवण्याची भर दरबारात प्रतिज्ञा केली, अशी ती हकिकत आहे. कल्हणाने ती राजाच्या खुळेपणाचा नमुना म्हणून सांगितली आहे, आणि ते योग्यच झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडात वाढलेल्या मुलीचे हे नाव होते. ते निव्वळ कानडी म्हणून बाजूला सारता येत नाही.

इतक्या लांब न जाता बेळगावातच एक पुरावा आहे. सौंदत्तीहून उदयाला आलेल्या आणि पुढे वेणुग्रामाहून, म्हणजे बेळगावाहून, राज्य करणाऱ्या रट्ट घराण्यात पहिल्या लक्ष्मीदेवाची राणी आणि चौथ्या कार्तवीर्याची आई होऊन गेली. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली गेली ती याच कार्तवीर्याच्या कारकिर्दीत, १२०४ च्या सुमारास. या राजमातेचे नाव लेखांत कुठे ‘चंदलदेवी’, तर कुठे ‘चंद्रिकादेवी’ असे येते. एकाच बाईची ही दोन नावे पाहिली की, बोलीतले ‘चंदला’ आणि संस्कृत वळणाचे ‘चंद्रिका’ ही त्या काळच्या लोकांना एकाच नावाची दोन रूपे वाटत होती, हे स्पष्ट होते. ‘चंद्रला’ या दोहोंच्या मधले आहे; त्यात संस्कृताचा ‘द्र’ राहिला आणि देशी ‘ल’ही राहिला. (बसदीचे नाव मात्र कोणा कमलादेवीवरून पडलेले नाही, ते तिच्या छतावरच्या कमळावरून पडले आहे. कमलादेवी ही गोव्याच्या कदंबांची राणी, आणि तिने बांधवलेले कमलनारायणाचे देऊळ कित्तूरजवळच्या देगावला आहे. या दोहोंची गल्लत नेहमी होते, म्हणून सांगितले.)

आता देवीविषयी. सन्नती हे कलबुर्गी जिल्ह्यातले भीमाकाठचे गाव. तिथल्या देवीला चंद्रलांबा म्हणतात. ‘चंद्रला’ अधिक ‘अंबा’ अशी त्याची फोड आहे, म्हणजे मूळ नाव चंद्रलाच. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या अनेक देशस्थ घराण्यांची ती कुलदेवता असल्यामुळे बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत हे नाव देवघरात रोज घेतले जाते, केवळ पाळण्यात येत नाही. भक्तांना छळणाऱ्या राजावर देवीने भुंगे सोडले, ही तिथली कथा आपल्याला ठाऊक असेलच. गाव किती जुने आहे, याची प्रचिती १९८६ मध्ये आली. देवळाच्या आवारातल्या कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेली शिळा अशोकाच्या आज्ञांची निघाली. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. तेव्हा नदीचा चंद्र आणि देवीचा चंद्र जोडून दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. नाद जुळतो एवढेच. त्यापलीकडे या जोडणीला आधार नाही.

लोकप्रियतेचे म्हणाल, तर आपल्या देशात बाळांच्या नावांची वर्षवार यादी सरकार प्रसिद्ध करीत नाही, त्यामुळे ‘या वर्षी अमुक क्रमांकाचे नाव’ असे जे मोबाइलवर दिसते, त्यावर विसंबू नये. सीमाभागातल्या जुन्या पिढीकडे पाहिले तर चंद्राबाई, चंद्रभागा, चंद्रकला, चंद्राक्का आणि कानडी शेजाराने आलेले चंद्रव्वा ही नावे घराघरांत होती. ‘चंद्रला’ त्या पंक्तीत क्वचितच दिसते. मला याची दोन कारणे दिसतात. देवीचे नाव घेऊन मुलीवर ओरडायचे कसे, या संकोचाने काही घरांत कुलदेवतेचे नाव फक्त पाळण्यापुरते ठेवतात आणि शाळेत दुसरे घालतात. रेणुका, भवानी, अंबिका ही नावे सर्रास चालत असताना हा संकोच एकट्या चंद्रलेच्या वाट्याला यावा, हे मला पटत नाही. दुसरे कारण व्याकरणाचे आहे. मराठी कानाला शेवटचा ‘ला’ विभक्तीचा प्रत्यय वाटतो आणि ‘चंद्रला’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘चंद्राला’ ऐकू येते. शाळेत बाई हजेरी घेताना हे होणारच. घरात ‘चंद्रलेला दूध दिले का?’ असे जुन्या वळणाने बोललात तर घोटाळा टळतो. ‘चंद्रलाला’ म्हणाल तर नातीचे लाला होईल. हाक मारायला ‘चंदा’ आहेच.

माझे मत विचाराल तर नाव अवश्य ठेवावे. आर्या, अन्वी, स्वरा यांच्या वर्गात ही मुलगी एकटीच चंद्रला असेल, आणि शेजारची कानडी मंडळी तिला शांतलेच्या चालीवर पहिल्याच दिवशी बिनचूक हाक मारतील.

प्रश्न : आमच्या मुलीचेही नाव चंद्रला आहे. जन्मदाखल्यावर इंग्रजी अक्षरे बरोबर आहेत, पण कन्नडमध्ये ‘चंद्राला’ असे छापून आले. दुरुस्ती होते का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : होते. रोमन लिपीत ‘चंद्रला’ आणि ‘चंद्राला’ एकाच अक्षरांनी लिहिले जातात, शिवाय ‘ल’ आणि ‘ळ’ यांतही तिथे फरक राहत नाही. इंग्रजीवरून कन्नड करणाऱ्याने काना वाढवला असणार. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातल्या पंधराव्या कलमाप्रमाणे निबंधक अशी चूक सुधारू शकतो; मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून तो सही व तारीख घालतो. अर्जात नाव कन्नड आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत सुवाच्य लिहून द्यावे. ज्यांनी अजून नावच घातलेले नाही, त्यांना नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून आधार कार्ड काढण्याआधी हे काम उरकून घ्यावे.