भाऊ दत्तक गेला, त्याचा वाटा नाही

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. 2015 साली अपघातात आई-वडील गेले तेव्हा तुम्ही 12 वर्षांच्या होतात आणि भाऊ 4 महिन्यांचा. तुम्ही बालगृहात वाढलात. भाऊ नातेवाइकांकडे आहे, एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. आता वडिलांच्या नावचा फ्लॅट विकायला काढलाय आणि ‘मीच एकमेव वारस’ अशा प्रतिज्ञापत्रावर काका तुमची सही मागताहेत. त्यासाठी कागद जमवताना कळलं, की भावाला 2017 मध्ये दत्तक दिलंय. संस्थेतल्या एका जुन्या बाईंकडून दत्तक आईचं नाव मिळालं, आणि फेसबुकवर भावाचा फोटोही दिसला. त्याला भेटता येईल का आणि त्याचा हक्क खरंच संपला का, हे तुमचे दोन प्रश्न.

हक्काचं आधी सांगतो, कारण तिथे घाई आहे. ‘भाऊ दत्तक गेला, त्याचा वाटा नाही’ हे काकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराशी कायदेशीर संबंध तुटतात, हे बरोबर. पण दत्तकाआधी जी मालमत्ता त्याची झालेली असते ती त्याचीच राहते. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 63 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि हिंदू दत्तक कायद्याचं कलम 12 ही तेच सांगतं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे ते गेले त्याच क्षणी फ्लॅट हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्हा दोघांचा झाला. (वडिलांची आई तेव्हा हयात असेल तर तीही समान वाटेकरी. आजीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही.) दत्तक झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा त्या प्रतिज्ञापत्रावर सही म्हणजे जाणूनबुजून खोटी शपथ, आणि तो गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

आता भेटीचं. तुमचा भाऊ 10 वर्षांचा आहे. आपण दत्तक आहोत हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. आपल्या मुळांचा शोध घेण्याचा अर्ज दत्तक मुलालाच करता येतो: 18 वर्षं पूर्ण झाल्यावर एकट्याला, त्याआधी दत्तक पालकांसोबत. 2022 ची दत्तक नियमावली त्रयस्थाला असा शोध घेऊ देत नाही, आणि सख्खी बहीण असूनही या अर्जापुरत्या तुम्ही त्रयस्थच. हे वाचून राग येईल. दोघांना वेगळं करताना तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये हे धोरण असताना हे घडलं. तरीही आठ वर्षांनी दत्तक आदेशाला आव्हान द्या, असं मी सांगणार नाही. न्यायालय त्या मुलाचं हित पाहील, आणि ज्या घराला तो आपलं म्हणतो तेच हलवणारी व्यक्ती म्हणून त्याची-तुमची पहिली ओळख होईल.

दत्तक आईला फेसबुकवर मेसेज पाठवू नका. फोटो लावून ‘माझा हरवलेला भाऊ’ असं तर मुळीच लिहू नका. मुलाची ओळख उघड करणं बालन्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रीतसर वाट मात्र आहे, आणि गंमत म्हणजे ती त्या फ्लॅटमधूनच जाते. अज्ञान (म्हणजे 18 वर्षांखालच्या) मुलाचा स्थावर वाटा न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचे पालकही विकू शकत नाहीत. म्हणजे विक्री व्हायची तर दत्तक पालकांपर्यंत नोटीस जायलाच हवी. वकिलामार्फत अर्ज करा. त्यात भावाचं फक्त जन्मनाव लिहा आणि नोटीस जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत गोपनीयपणे बजावावी, अशी विनंती करा. तुम्ही आहात हे त्या घराला अशा प्रकारे कळेल. पुढे संपर्क ठेवायचा की नाही, ते पालक ठरवतील. वाट्याच्या बदल्यात भेट, असा सौदा मात्र सुचवूसुद्धा नका.

सोबत दत्तक संस्थेला एक पत्र द्या: मी अमुकची सख्खी बहीण, त्याने कधी विचारणा केली तर माझा पत्ता त्याला द्यायला माझी संमती आहे. त्यात कसलीही माहिती मागू नका. पोच घ्या, आणि घर किंवा फोन नंबर बदलला की दर वेळी नवं पत्र द्या.