‘स्वर्गात लग्न नसतं, मग आमची भेट कशी होणार?’

प्रश्न : फादर, माझे मिस्टर जाऊन चौदा महिने झाले. वसईला आमची छोटी वाडी आहे, ते पहिल्या लोकलने मोगरा नि तगर घेऊन दादरच्या फुलबाजारात जायचे. त्यांच्या मोबाईलमधला साडेतीनचा अलार्म अजून रोज वाजतो, मी तो बंद करत नाही, उलट फोन रोज चार्ज करून ठेवते. मुलगा म्हणतो आई आता पुरे. वर गेल्यावर भेट होईल एवढ्याच आशेवर होते, पण मध्ये एकदा प्रवचनात ऐकलं की स्वर्गात लग्न वगैरे नसतं, तेव्हापासून झोपच उडालीय. मग आमचा ३४ वर्षांचा संसार कुठे गेला? त्यात कबरस्थानात जागा कमी, काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात, म्हणजे त्यांच्या शेजारी मी नाहीच. वाटतं देवाने आजच न्यावं.
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, अलार्म बंद करायची अजिबात घाई करू नका. चौदा महिने म्हणजे काहीच नाही हो. आपला मित्र लाझरस वारला तेव्हा त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला, थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला. संत पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलं की आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका, दुःखच करू नका असं नाही लिहिलेलं, पण लोक हे वाक्य अर्धंच सांगतात आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आता लग्नाचं. मत्तयच्या शुभवर्तमानात, २२व्या अध्यायात, सदूकी नावाच्या यहुदी पंथाचे लोक येशूला अडकवायला येतात, ते पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील हे, मानतच नव्हते. त्यांनी विचारलं, एका बाईचं सात भावांशी एकामागून एक लग्न झालं, का तर मेलेल्या भावाचा वंश चालावा म्हणून, तर तिकडे ती कोणाची बायको? येशू म्हणाला, तिथे कोणी लग्न करत नाही, आणि तो वाटणीचा हिशेबच मोडला. लूकच्या शुभवर्तमानात पुढे येतं की तिथे कोणी मरत नाही, म्हणजे वंश चालवायला लग्न लागत नाही. पण तुम्ही एकमेकांना ओळखणार नाही असं येशू कुठेच म्हणालेला नाही. मरणातून उठल्यावर तो आपल्या शिष्येसमोर, मरिया मग्दालियासमोर उभा होता, तिला वाटलं माळीच आहे, मग त्याने फक्त तिच्या नावाने हाक मारली आणि तिला कळलं. ३४ वर्षं ऐकलेली हाक तुम्हाला नाही का ओळखू येणार?

कबरीचं वाचून मला संत मोनिका आठवली. आफ्रिकेत नवऱ्याशेजारी तिने स्वतःची जागा आधीच करून ठेवली होती, फार ओढ होती तिला त्याची, पण ३८७ साली रोमजवळच्या ऑस्तिया बंदरातच आजारी पडली आणि मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. देवापासून काही लांब नसतं, मला कुठून उठवायचं ते त्याला कळेल, असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा ऑगस्टीन, एवढा विद्वान, दफनाच्या वेळी डोळे कोरडे ठेवून उभा राहिला आणि नंतर एकटा असताना रडला. तरी धर्मगुरूंना आत्ताच विचारून ठेवा, कबर उघडल्यावर अस्थी कुठे ठेवतात, भिंतीत कोनाडा मिळतो का.

‘आजच न्यावं’ याबद्दल मात्र सरळ विचारतो. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? येत असेल तर आज रात्री एकट्या झोपू नका, मुलाला स्पष्ट सांगा आणि १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. असं बोलणं म्हणजे पाप केलं असं समजू नका.

आणि साडेतीनला जाग येतेच तर त्यांच्या नावाने एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा. त्यांचं नाव मला कळवा ताई, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, चर्चमधल्या मिस्सात (प्रार्थनाविधीत) मी घेतो.