शंकू मोजायचाय? आधी नमुना फिरवा

पहिल्या प्रयोगासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी घ्या आणि उलट दिशेने परतणाऱ्या प्रकाशाचा शंकू मोजा, म्हणजे झोत आला त्याच दिशेने परतताना पार्श्वभूमीच्या दुपटीपर्यंत उजळणारं अरुंद शिखर (कोहेरंट बॅकस्कॅटरिंग). १९८५मध्ये दोन गटांनी दाखवलेला हा परिणाम शिकायला फार सुंदर आहे.

अर्ध्या उंचीवरची रुंदी रेडियनमध्ये साधारण ०.११ × तरंगलांबी ÷ वाहतूक मुक्त पथ (प्रकाश आपली मूळ दिशा विसरेपर्यंत नमुन्यात सरासरी जितकं अंतर जातो ते). ६३३ नॅनोमीटरला मुक्त पथ १ मायक्रॉन असेल तर ७० मिलीरेडियन. पातळ केलेल्या दुधात तो १०० मायक्रॉन झाला की जेमतेम ०.७. अशा वेळी ५ मिलिमीटर तरी रुंद, समांतर झोत हवा आणि कॅमेरा भिंगाच्या नाभीप्रतलात अगदी नेमका.

घन नमुना स्थिर ठेवलात तर नुसते स्पेकलचे (विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या व्यतिकरणातून उमटणारे) ठिपके दिसतील, शंकू त्यांत बुडेल. छोट्या मोटरने नमुना फिरवत एक्स्पोजर घ्या. द्रवात कणांच्या हालचालीमुळे सरासरी आपोआप निघते.

बीमस्प्लिटरमधून (परतणारा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणारी अर्धपारदर्शक काच) सरळ जाणारा प्रकाश काळ्या सापळ्यात संपवा. शिखर पार्श्वभूमीच्या दुपटीला पोचत नसेल तर नमुन्याला दोष देण्याआधी हा भटका प्रकाश आणि ध्रुवण तपासा: नमुन्यापुढे रेषीय ध्रुवक आणि पाव-तरंग पट्टी ठेवून वर्तुळाकार ध्रुवण वापरलं की एकेरी प्रकीर्णन (एकदाच विखुरून परतलेला, शंकूत भर न घालणारा प्रकाश) गाळलं जातं. शिखर गोलसर दिसलं तर शोषण, नमुन्याची अपुरी जाडी किंवा चुकलेला फोकस, तिन्ही शक्यता धरा.