सकाळी ओट्स खावेत की पेज? आणि रोज टिकतील अशा पाच सवयी कोणत्या?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरहून गोव्यात पर्वरीला येऊन दीड वर्ष झालं, काम घरूनच, वजन सहा किलोंनी वाढलं. घरमालकीण दहा वाजता मायेनं पेज आणून देते आणि जिममधला पोरगा म्हणतो, भात बंद, ओट्स सुरू. कुणाचं ऐकू? शिवाय रोज टिकतील अशा पाच सवयी सांगा.

घरमालकिणीचं ऐका. सवयींचं नंतर बघू.

एवढं ठासून सांगायला कारण आहे. माझं वय 56, राहणार म्हार्दोळजवळ, लहानपणापासून पेजेवर वाढलेला. 2021 मध्ये साखर निघाली. बायको दादरची. तिचा धाकटा भाऊ दरवर्षी चवथीला आमच्याकडे येतो आणि येताना एक नवीन शास्त्र घेऊन येतो. एका वर्षी कोमट पाण्यात लिंबू, एका वर्षी दुधी भोपळ्याचा रस. 2023 च्या चवथीला बॅगेतून ओट्सचा डबा निघाला.

दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला होता. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. समोर उकड्या तांदळाची पेज, आदल्या दिवशीचं उरलेलं खतखतं, म्हणजे मिसळीच्या भाज्यांची आमटी (ती दुसऱ्या दिवशीच खरी लागते, तेफळ, म्हणजे तिरफळ, तोवर आत उतरलेलं असतं) आणि तोर, म्हणजे खारातली कैरी. आई दवलीनं (करवंटीच्या पळीनं) दुसऱ्यांदा वाढत होती. तेवढ्यात मेव्हणा मोबाइल घेऊन दारात उभा.

"भाऊजी, हे बघा. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा अभ्यास आहे. मधुमेहात गोवा देशात पहिला. 26.4 टक्के! अख्ख्या देशाचा आकडा 11.4. आणि तुम्ही काय करताय, तर सकाळी सकाळी भाताचं पाणी पिताय."

आईचा हात तिथेच थांबला. ती 81 वर्षांची, मराठी तिला चांगलं समजतं, पण राग आला की कोकणीच येते. "पेज जेवन आमचो एक लेगीत मनीस मेलो ना," (पेज जेवून आमचा एकही माणूस मेला नाही) एवढंच बोलली आणि उरलेली पेज माझ्या वाडग्यात ओतून बाहेर निघून गेली.

आता मेव्हण्यानं दिलेला आकडा खरा होता. तो अभ्यास 2023 च्या जूनमध्ये छापून आला, गोव्याच्या खालोखाल पुदुच्चेरी आणि केरळ होते. "बघा, सगळे भात खाणारे," असं तो विजयी चेहऱ्यानं म्हणाला. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, ते रात्री अंथरुणात सुचलं: त्याच यादीत चंदीगडही वीस टक्क्यांच्या वर आहे, तिथले लोक काय पेज खातात? पण तोवर तो घोरत होता. त्या एका अडलेल्या उत्तराचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून इथे लिहून टाकलं.

बायको अर्थातच भावाच्या बाजूनं. सप्टेंबर संपेपर्यंत आमच्याकडे ओट्स सुरू झाले. मेव्हण्याच्या पद्धतीनं: दूध, एक केळं, चार खजूर, वर चमचाभर मध. मध नैसर्गिक म्हणे! माझा स्वभाव असा की एकदा हो म्हटलं की करायचं. तीन महिने सकाळी साडेसातला निमूटपणे खाल्ले. साडेदहाला पोटात कावळे ओरडायचे. ऑफिसखाली एक हॉटेल आहे, तिथे बन आणि पातळ भाजी फार चांगली मिळते. सोबत साखरेचा चहा. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग हॉटेलवाला मी दिसलो की न विचारता प्लेट ठेवायला लागला.

डिसेंबरमध्ये रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा जुलैत 7.1 होता, तो 7.8 झाला. बायकोनं भावाला फोन लावला. तो स्पीकरवर म्हणाला, "ताई, भाऊजी चोरून भात खात असणार."

हे मला लागलं. मी चोरून बन खात होतो, भात नव्हे. माणसानं ज्या गोष्टीत प्रामाणिकपणे त्याग केला त्याच गोष्टीचा आळ यावा, यासारखा अपमान नाही. बनचं मात्र तेव्हा कबूल केलं नाही, हेही सांगतो.

मग मी वही घातली. मुलीची आठवीची भूगोलाची वही, पहिल्या बारा पानांवर नकाशे, पुढची कोरी. बोट टोचून साखर मोजायचं यंत्र घरात होतंच. जानेवारी आणि फेब्रुवारी 2024, रोज सकाळचं काय खाल्लं, किती वाट्या, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी किती आकडा. पट्ट्या स्वस्त नसतात, बायको कुरकुरली. मी म्हटलं, तुझ्या भावाच्या हिशेबात लाव. काही नोंदी जशाच्या तशा देतो.

मेव्हण्याचे ओट्स, केळं, खजूर, मध: 221.
दोन वाडगे पातळ पेज, लोणचं, तोर: 209.
बन, पातळ भाजी, साखरेचा चहा: 248. (हे मुद्दाम मोजलं. एकदाच. पुन्हा धीर झाला नाही.)
एक वाडगा घट्ट पेज, आळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) तोणाक म्हणजे रस्सा, तांबडी भाजी (लाल माठ): 163.
तेच, आणि लगेच पंधरा मिनिटं चालणं: 141.

पहिल्या दोन ओळी परत बघा. फरक बाराचा. ते घरगुती यंत्र पंधरा टक्के इकडे तिकडे दाखवलं तरी नियमात बसतं, म्हणजे या दोन ओळींत कुणीच जिंकलं नाही. मेव्हण्याचा डबा निर्दोष नव्हता आणि आईची पेजही. पेज शिजून शिजून मऊ झालेली असते, ती पोटात पटकन फुटते, म्हणून तर आजाऱ्याला निवळ, म्हणजे पेजेवरचं पाणी देतात. नुसती पेज भरभरून प्यायची आणि तोंडी लावायला चिमूटभर खारट, हा प्रकार साखरवाल्याला जड जाणारच. माझे बाबा तशीच प्यायचे. पण ते सहाला कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत उतरायचे, पाट फिरवायचे, झावळ्या ओढायचे, आणि चार तासांनी पेजेला बसायचे. मी पेज पिऊन स्कूटरवरून ऑफिसात जाऊन खुर्चीत बसतो.

ओट्सवर माझा राग नाही. त्यातला चिकट तंतुमय भाग कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण साधे जाड ओट्स वेगळे आणि मसाल्याची पुडी घातलेले, दोन मिनिटांत होणारे वेगळे. तुमचा जिमवाला कुठले सांगतोय ते विचारून घ्या.

उलट आपल्या उकड्याला कुणी विचारत नाही, कारण तो डब्यात येत नाही. भात भिजवून, तुसासकट उकडून, उन्हात वाळवून मग गिरणीत जातो. उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे कांडल्यावरही बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर कोंबड्या ठेवल्या तर त्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात, हे आइकमन नावाच्या डच डॉक्टरानं जावा बेटावर पाहिलं होतं. त्याला 1929 चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. आमच्या आज्यांना नोबेल कोण देणार. तर घरमालकिणीला एवढंच विचारा की तांदूळ उकडाच आहे ना, आणि तोही तांबूस की पॉलिश केलेला. पेजेऐवजी कधी नाचणीचं तिजान (गूळ घातलेली नाचणीची पेज) करत असेल तर तेही घ्या, 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गूळ मात्र तिला हात राखून घालायला सांगा, गोवेकर बाईला हे सांगणं सोपं नाही.

आता तुमच्या सवयी. पाच माझ्याकडे नाहीत.

पेजेबरोबर रोज काहीतरी दातांखाली येणारं हवं. आळसांदे, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), शेगलाच्या म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, शिवराक (शाकाहारी) नसेल त्या दिवशी तारल्यांचं हुमण, म्हणजे माशांची आमटी. तारले, बांगडे स्वस्त आहेत म्हणून लोक नाक मुरडतात आणि परदेशी माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतात. तेच ओमेगा-3 तारल्यात भरपूर आहे. फक्त दर वेळी रव्यात घोळून तेलात सोडू नका.

मीठ. यावर मला कुणी आधी बोललंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमच्या घरी पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सुकं बाहेर निघतं. किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), खारवलेला बांगडा, तोर, लोणचं, सगळं पेजेभोवती. दोन पावसाळे माझा रक्तदाब जुलैतच का चढतो ते डॉक्टरांना कळत नव्हतं. वहीत कळलं. आता तोर आहे, पण चतकोर, आणि आधी साध्या पाण्यात भिजवून.

जेवण झाल्यावर लगेच चालायचं. पहाटे पाचचा गजर लावून धावायचं वगैरे तुम्ही करणार नाही, मीही केलं नाही. जेवून उठल्या उठल्या पंधरा मिनिटं. मी मंगेशीच्या बाजूला जाऊन येतो. पावसात पडवीत येरझाऱ्या घालतो. शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण झालंय.

आणि वही. दोन महिने खोटं न बोलता लिहा. साखर नसली तरी लिहा, यंत्राची गरज नाही, नुसतं काय खाल्लं ते. तुमचे सहा किलो पेजेनं वाढलेत यावर माझा अजिबात विश्वास नाही. एक वाडगा पेज म्हणजे अर्ध्या वाटीच्या आसपास कोरडे तांदूळ. पर्वरीत एकटा राहणारा, घरून काम करणारा मुलगा शुक्रवारी, शनिवारी रात्री काय खातो आणि काय पितो, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. बिअर मोजून लिहा. हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत तर नक्कीच लिहा, त्यात लिंबूसोडा घालून आपण किती साखर पितो ते बघून हबकाल.

रात्री लवकर जेवावं म्हणतात. आमच्याकडे साडेनवाच्या आत पानं मांडली जात नाहीत, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही.

मेव्हणा गेल्या चवथीलाही आला. वही मी मुद्दाम देवघराजवळच्या फळीवर ठेवली होती. त्यानं चाळली, नकाशांची पानं बघून भाचीचं अक्षर चांगलं आहे म्हणाला, आणि ओट्सच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "केळं पिकलेलं होतं का?" हे ऐकून आई हसत सुटली. जाताना मात्र दहा किलो उकडे तांदूळ म्हार्दोळहून घेऊन गेला. त्याच्या बायकोला हवेत म्हणे.

तुम्हाला साखर, किडनी किंवा रक्तदाबाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, माझे आकडे माझ्या अंगाचे आहेत. औषध माझं बंद झालेलं नाही. जून 2024 ला माझा तो आकडा 7.8 वरून 6.7 वर आला, आणि मी घरभर सांगत सुटलो की बघा, पेज. त्याआधी मार्चमध्ये डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला होता. हे बायकोला माहीत आहे. मेव्हण्याला अजून नाही.