आजारी मासा घरी आणावा का?

प्रश्न : पाळीव प्राण्यांच्या दुकानात एक गोल्डफिश पर अंगाशी मिटून तळाशी बसलेला दिसला. त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके होते. माझ्या घरी निरोगी माशांची टाकी आहे. त्याला विकत घेऊन वाचवावे का?

उत्तर : तुमची कळकळ समजते, परंतु वेगळी टाकी तयार नसेल तर त्याला आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे ठिपके बहुधा ‘व्हाइट स्पॉट’ या रोगाचे असावेत. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो आणि तेथे विभागून शेकडो नवे परजीवी पाण्यात सोडतो. औषध लागू पडते ते याच मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेत, म्हणून ठिपके गेले तरी उपचार मध्येच थांबवता येत नाहीत. असा एक मासा घरच्या टाकीत सोडला, तर सगळ्यांनाच लागण होऊ शकते.

वेगळ्या टाकीला स्वतःची जाळी आणि फिल्टर हवा, शिवाय त्या फिल्टरमध्ये माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू आधीच रुजलेले हवेत. नव्या टाकीत ते रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि तोवर साचणारा अमोनिया दुबळ्या माशाला सोसत नाही.

शिवाय दयेपोटी केलेली खरेदी दुकानदाराच्या लेखी विक्रीच असते आणि रिकाम्या जागी, त्याच पाण्यात, दुसरा मासा येतो. त्यापेक्षा ते ठिपके मालकाला दाखवून त्या टाकीतील विक्री थांबवण्याची आणि उपचार करण्याची विनंती करावी. दाद न मिळाल्यास प्राणिकल्याण संस्थेकडे तक्रार करावी.