जुन्या पर्जन्यवृक्षाचं 'पोलार्डिंग' करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या सोसायटीत चाळीसेक वर्षांचा पर्जन्यवृक्ष आहे, गेल्या पावसाळ्यात त्याची एक फांदी गाडीवर पडली. आता ठेकेदार म्हणतोय की वीस फुटांवर सगळ्या फांद्या उडवून पोलार्डिंग करून देतो, मग दहा वर्षं बघायला नको. करावं का?

नका करू, हात जोडून सांगतो. दोर लावून झाडावर चढायचं आणि फांद्या उतरवायच्या हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे छाटणीला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण तुम्हाला जे विकलं जातंय ते पोलार्डिंग नाही, झाडाचा शिरच्छेद आहे.

खरं पोलार्डिंग आपल्याकडे कोकणात बघायला मिळतं. भातखाचरांच्या वरच्या उतारावरचे ऐन आणि किंजळ ही झाडं पिढ्यान् पिढ्या कवळासाठी, म्हणजे शेतात भाजायच्या पाल्याच्या फांद्यांसाठी, तोडली जातात. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माणूस वर चढतो, मनगटाएवढ्या फांद्या उतरवतो. त्या वाळल्या की तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर शेण आणि पातेऱ्याबरोबर (वाळक्या पानांबरोबर) पसरून भाजायच्या, हीच भाजावळ. असा एखादा ऐन जवळून बघा. फांदीच्या टोकाला खडबडीत गाठ असते, तिच्यावर जुन्या तोडीचे वण सालीने पार गिळलेले असतात आणि त्याच गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. जाणता गडी गाठीला कोयता लावत नाही, गाठ सोडून बाहेरून घाव घालतो. सुप्त डोळे (अजून न फुटलेले कोंब) आणि साठवलेलं पिष्ट तिथेच असतं. झाड कोवळं असल्यापासून तोड सुरू झालेली, दर वेळी त्याच जागी, जखम लहान. म्हणून ते झाड टिकतं.

तुमच्या पर्जन्यवृक्षाची गोष्ट नेमकी उलटी आहे. मांडीएवढ्या जाड फांद्या पहिल्यांदाच मधोमध कापल्या जाणार. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड फक्त तिच्याभोवती आतून भिंती घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. जाड फांदीच्या गाभ्यातलं लाकूड मेलेलं असतं, त्याला ही भिंत नीट घालता येत नाही. तिथून बुरशी शिरते आणि कूज खाली सरकते. वर मात्र भराभर धुमारे येतात आणि सगळ्यांना वाटतं झाड जोमात आहे. हे धुमारे फक्त बाहेरच्या थरात रुजलेले असतात. चार-सहा वर्षांत ते जड होतात, खालचा खुंट तोवर पोकळ झालेला असतो, आणि वादळात तेच उपटून खाली येतात. म्हणजे आज आहे त्याहून मोठा धोका तुम्ही पैसे देऊन विकत घ्याल.

शिवाय पोलार्डिंग एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही. लंडनजवळच्या एपिंग जंगलात गावकरी शतकानुशतकं हॉर्नबीम आणि बीच या झाडांच्या फांद्या सरपणाला तोडत. १८७८च्या कायद्याने तो हक्क संपला (भरपाईच्या पैशातून लाउटन गावात उभी राहिलेली इमारत आजही 'लॉपिंग हॉल' या नावानेच ओळखली जाते). तोड थांबल्यावर त्याच गाठींवरच्या फांद्या वाढत वाढत अजस्र झाल्या, आणि त्यांच्या वजनाने जुनी खोडं फाटायला लागली.

मग करायचं काय? पर्जन्यवृक्षाचं वजन आडव्या फांद्यांच्या टोकांकडे असतं. ते टोकाकडून हलकं करून घ्या. फांदी मध्येच न तोडता जोमदार उपफांदीपाशी कापायची, आणि ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. वाळक्या फांद्या सगळ्या काढा. हिरवी पालवी एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू देऊ नका, या वयाच्या झाडाची तर त्याहून कमीच.

काम चालू असताना खाली उभे राहा आणि जाड फांदी कशी कापतात ते बघा. पहिला काप खालून, खोडापासून फूट-दीड फुटावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, थोडा बाहेर. फांदी पडते आणि साल खोडावरून सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, पण फांदीच्या मुळाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. वळी शाबूत राहिली तरच जखम बंद होते. खोडाला घासून कापणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा. कापावर डांबर किंवा रंगही नको, त्याने कूज थांबत नाही.

खोडाला भिडलेलं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर तेही फोडून माती मोकळी करा. मुळं गुदमरलेली किंवा केबलच्या चरात तुटलेली असली, तर वरची छाटणी कितीही नीट झाली तरी झाड मुळासकट आडवं होऊ शकतं.

शहरात कुठलंही झाड कापायला महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा करणं हेही त्या कायद्यात तोडणंच धरलं जातं. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, तुमचं झाड त्याच्या जवळ येतंय. अर्जात 'धोकादायक फांद्या आणि टोकांची छाटणी' असंच लिहा. कुठल्या फांद्या, ते फोटोवर खुणा करून जोडा, आणि ठेकेदाराच्या कागदावरही तेवढंच लिहून घ्या. काम पावसाआधी उरका, पण त्याआधी घरटी आहेत का ते बघा. पर्जन्यवृक्षावर बगळे आणि ढोकरी वस्ती करतात. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा आणि तोवर खालच्या गाड्या हलवा.